मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना सव्वाचौदा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला चाललेत, भाऊ न्यू जर्सीत राहतो, परतीचं तिकीट मे महिन्यातलं. नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर १२,५४० किमी दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर साधारण १४ तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना १६ तास ५ मिनिटं आहेत आणि येताना १४ तास १५ मिनिटं. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना हे गणित जुळत नाही, आणि ‘पृथ्वी फिरते म्हणून असं होतं’ हे शेजाऱ्यांचं उत्तर तर अजिबात पटत नाही.

मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान कुठल्या रस्त्याने जाणार, किती उंचीवर उडणार, किती इंधन भरणार याचा आराखडा आम्ही जमिनीवर बसून करतो आणि त्यावर कॅप्टनच्या बरोबरीने सही करतो. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल, पण बाबांसाठी ते नीट द्यावंसं वाटतं.

आधी शेजाऱ्यांचं उत्तर बाजूला करू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत लटकून राहिलं आणि खालून पृथ्वी सरकत गेली असं धरलं, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःच चालत यायला हवं. म्हणजे जाणं लवकर व्हायला हवं आणि येणं उशिरा. प्रत्यक्षात बरोबर उलटं घडतं. कारण साधं आहे: पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत पोहत असतं. मुंबईच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला पृथ्वीचा वेग आधीच मिळालेला असतो, तो उड्डाणानंतर कुठे जात नाही.

आता अंतर. १२,५४० हा आकडा बरोबर आहे. तो बृहद्वृत्तावरचा, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेचा आकडा. बाबांकडे शाळेतला पृथ्वीगोल अजून असेल तर एक दोरा घ्यायला सांगा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून धरायचा. भिंतीवरच्या नकाशात वाटतं की विमान अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक असं सरळ डावीकडे जाईल. दोरा मात्र मुंबईहून वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकून निघतो. सिंधवरून कंदहारच्या आसपास, मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, सेंट पीटर्सबर्ग, स्कॅन्डिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, आणि तिथून लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्क. सर्वांत वर तो सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ च्या जरा अलीकडे, आणि मधली वाट ६५ वर! मी या कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मलाही हाच दोरा ताणायला लावला होता, आणि त्या दिवसानंतर भिंतीवरच्या नकाशावर मी कधी अंतर मोजलं नाही.

पण ही दोऱ्याची वाट. तिच्यावरून प्रत्यक्ष विमान उडतं असं समजू नका. दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत, आम्हाला त्या रोज वाचाव्या लागतात. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलैला उघडली. २४ एप्रिल २०२५ ला ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाली. अफगाणिस्तानची हद्द ऑगस्ट २०२१ नंतर काही वर्षं बहुतेक कंपन्या टाळत होत्या. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. त्याच वर्षापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना तशी बंदी नाही. इराणवरून जायचं की नाही, हा प्रश्नही मधून मधून उभा राहतो. म्हणून एकाच रात्री त्याच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांची वाट वेगळी असू शकते.

दिल्लीच्या मानाने मुंबईचं नशीब चांगलं. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पाकिस्तान समोरच उभा, त्यामुळे आधी खाली गुजरातपर्यंत यावं लागतं. मुंबईला समुद्र आहे. अरबी समुद्रावरून मस्कतकडे गेलं आणि तिथून वर वळलं तरी एकूण अंतर १२,९०० च्या आसपास येतं. युक्रेन आणि रशिया दोन्ही टाळून तुर्कस्तानावरून गेलं तर १३,००० च्या जरा अलीकडे. म्हणजे इतका वळसा घालूनही वाढ फार तर साडेतीन-चार टक्क्यांची. गोलावरच्या लांब वाटेचा हा गुण मला कायम सुखावत आला आहे: मधे थोडं इकडे-तिकडे सरकलं तरी बेरीज फारशी बिघडत नाही. आपल्या हिशेबासाठी १३,००० धरू.

आता वारा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, साधारण ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीम असतात. बाबा वर्गात शिकवायचे ते पश्चिमी वारे, त्यांचे हे उंचीवरचे, अरुंद आणि वेगवान भाऊबंद. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल, जोर आला की तीनशेच्याही पुढे. हिवाळ्यात ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची हवा यांच्या तापमानातला फरक वाढतो, म्हणून जेट स्ट्रीम जास्त जोरात वाहतात आणि दक्षिणेकडेही सरकतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. लोक म्हणाले, आवाजाचा वेग ओलांडला. तसं नव्हतं. भोवतालच्या हवेत ते विमान नेहमीच्याच चालीने उडत होतं, हवाच त्याला उचलून घेऊन चालली होती.

विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेतला वेग आहे. समोरून वारा असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा कमी, मागून असेल तर तेवढा जास्त. पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ६० किमीचा वारा समोरून लागला असं धरू. मधल्या काही तासांत तो दीडशेही असेल, कुठे जवळजवळ शून्य, पण सरासरी ६०. मग १३,००० भागिले ८४०, म्हणजे १५ तास २९ मिनिटं. परतताना सरासरी ५० चा वारा मागून मिळाला, तर १३,००० भागिले ९५०, म्हणजे १३ तास ४१ मिनिटं.

आमच्या कामात या गोष्टीकडे आणखी एका नजरेने बघतात, आणि मला ती सर्वांत आवडते. फ्लाइट प्लॅनवर दोन अंतरं छापलेली असतात, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं. जाताना विमान १५ तास २९ मिनिटं ९०० च्या वेगाने हवा कापतं, म्हणजे हवेतून ते सुमारे १३,९०० किमी चालतं. येताना फक्त १२,३००. इंधन जळतं ते हवेतल्या अंतराच्या हिशेबाने. म्हणजे विमानाच्या दृष्टीने मुंबईहून न्यूयॉर्क जितकं दूर आहे, त्यापेक्षा न्यूयॉर्कहून मुंबई १,६०० किमीने जवळ आहे! मुंबई–कोलकाता हवाई अंतर साधारण तेवढंच. बाबांना एवढं एक वाक्य वाचून दाखवलंत तरी पुरे.

म्हणूनच डिस्पॅचर सर्वांत छोटी वाट शोधत नाही, सर्वांत कमी वेळाची आणि कमी इंधनाची वाट शोधतो. जाताना वाऱ्याचा जोर जिथे कमी तिथून, येताना जिथे जास्त तिथून. दोन्ही वाटा नकाशावर सहसा जुळत नाहीत. याचं सर्वांत चांगलं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ही फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, पूर्वेच्या दिशेने नेली. अटलांटिकवरून अंतर सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकवरून १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या वाटेपेक्षा लवकर. मागून वारा होता.

आता तुमच्या तिकिटावरचा आकडा. १५ तास २९ मिनिटं हा हवेतला वेळ झाला, तिकिटावर १६ तास ५ मिनिटं आहेत. तिकिटावरचा वेळ ब्लॉक टाइम असतो: इथल्या गेटवरून विमान मागे ढकललं जातं तिथपासून तिथल्या गेटवर चाकांना अडणी लागते तिथपर्यंत. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच चालते आणि रात्री बाहेर जाणाऱ्या विमानांची रांग लागते. वीस-पंचवीस मिनिटं इथे, दहा-पंधरा तिथे. जुळला हिशेब? हा आकडाही पूर्ण मोसमाची सरासरी धरून ठरवलेला असतो. एखाद्या रात्री आई-बाबा अर्धा तास आधी पोहोचतील, एखाद्या रात्री पाऊण तास उशिरा. दोन्ही नेहमीचंच आहे, ‘घाबरू नकोस’ असं भावाला सांगून ठेवा.

वेगच का वाढवत नाहीत, असं बरेच जण विचारतात. मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांवर चालवतात. त्यापुढे हवेचा अडथळा इतका झपाट्याने वाढतो की वाचलेल्या दहा मिनिटांसाठी टनावारी इंधन जातं. आणि इतक्या लांबच्या फेरीत इंधन हीच मोठी अडचण असते. बोइंग ७७७-३००ईआरचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१ टन. ते तासाला साधारण सात-आठ टन इंधन पितं. शिवाय आज भरलेल्या जास्तीच्या एक टन इंधनातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग तो टन वाहून नेण्यातच पंधरा तासांत जळून जातो. त्यावर पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन, आणि शेवटचं अर्ध्या तासाचं राखीव, ज्याला हात लावायचा नसतो.

याचा प्रवाशाशी काय संबंध, तर सांगतो. एका जानेवारीत समोरचा वारा इतका वाढला की आमच्या फेरीचा वेळ पाऊण तासाने लांबला. इंधन वाढवलं, वजनाची मर्यादा गाठली गेली, आणि तेवढ्या वजनाचं काहीतरी खाली उतरवणं भाग पडलं. आधी माल उतरवला. तो पुरेना, मग काही बॅगा. त्यातली एक बॅग मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजींची होती, आत डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी. दोन दिवसांनी बॅग पोहोचली, पण त्या आजी तिथल्या विमानतळावर पट्ट्याजवळ तासभर उभ्या होत्या हे नंतर कळलं. हिशेब चुकला नव्हता, आजही मी तीच सही करेन. पण बॅग राहिल्याचं त्यांना मुंबईतच सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला लावायचं माझ्याही लक्षात आलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणून आईंची औषधं, चष्मा, एक दिवसाचे कपडे आणि एक शाल हातातल्या पिशवीतच ठेवा. डिसेंबरात हे नक्की करा.

तुम्ही विचारलंत, दुबई किंवा लंडनवरून गेलं तर किती लांब पडेल? किलोमीटरमध्ये जवळजवळ काहीच नाही. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, मिळून १२,७४०. दुबईवरून सुमारे १,९३० आणि ११,०२०, मिळून १२,९५०. थेट विमानाची खरी वाट १३,००० च्या आसपास असेल तर हे तेवढंच झालं. वेळ जातो तो जमिनीवर: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबलचक चाल, वाट बघणं. तीन-चार तास सहज. पण मधे पाय मोकळे होतात. आईंच्या गुडघ्यांचा त्रास तुम्ही लिहिला आहे. सोळा तास एका जागी बसण्यापेक्षा मधला थांबा शरीराला बरा, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याला अनोळखी विमानतळावर गेट शोधणं मनाला जड. माझ्या स्वतःच्या आईला मी थेट विमानानेच पाठवलं होतं. आतल्या बाजूची, पॅसेजकडेची सीट घेऊन दिली, आणि दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारायचं वचन घेतलं.

राहिलं घड्याळ. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणजे डिसेंबरात आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचा फरक, मे महिन्यात साडेनऊचा. तुमचं विमान रात्री १:३० ला निघतं. त्यात १६ तास ५ मिनिटं मिळवा, भारतीय वेळेने संध्याकाळी ५:३५. साडेदहा वजा करा, तिथे त्याच तारखेच्या सकाळचे ७:०५. तिकिटाकडे बघून वाटतं की प्रवास साडेपाच तासांचा आहे. परतीचं विमान मे महिन्यात दुपारी १२ ला निघेल. १४ तास १५ मिनिटांनी न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे २:१५ झालेले असतील, त्यात साडेनऊ मिळवा, मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ११:४५.

यातच एक फसगत दडलेली असते. तिकिटावर १२ तारीख, वेळ १:३० असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोहोचायचं. १२ च्या रात्री सामानसुमान घेऊन आलेली, विमान काल गेलं हे ऐकून काउंटरसमोर मटकन बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. घरातल्या कॅलेंडरवर ११ तारखेच्या चौकोनात ‘आज रात्री’ असं लिहून ठेवा.

आणि आईंच्या मधुमेहाच्या गोळ्या. त्यांचा तो दिवस साडेचौतीस तासांचा होणार आहे. घड्याळ बघून ‘सकाळची’, ‘रात्रीची’ असं घ्यायला गेल्या तर गोंधळ होईल. डॉक्टरांना प्रवासाचं वेळापत्रक दाखवून दोन डोसांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते लिहून घ्या, आणि आईंच्या मनगटावरचं घड्याळ भावाच्या घरी पोहोचेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर राहू द्या.

बाबांना मात्र खिडकी द्या, उजव्या हाताची. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. न्यूयॉर्कला तो सव्वासातनंतर उगवतो, आणि तेव्हा आपल्याकडे पावणेसहा वाजलेले असतात. मधे विमान रात्रीबरोबरच पश्चिमेला पळत असतं. म्हणजे आदल्या संध्याकाळी घरून मावळताना बघितलेला सूर्य बाबांना पुन्हा दिसायला जवळजवळ चोवीस तास लागतील, आणि उतरण्याआधीचं थोडं फटफटणं सोडलं तर सोळाही तास खिडकीबाहेर अंधारच असेल. उजवी बाजू उत्तरेची. वाट अटलांटिकवर पुरेशी वर गेलेली असेल आणि आकाश साथ देईल, तर ग्रीनलँडच्या अलीकडे-पलीकडे क्षितिजालगत हिरवट, हळू हलणारा प्रकाश दिसू शकतो. केबिनमधले दिवे बंद असतात तेव्हा शालीने काच झाकून, डोळे अंधाराला सरावू देऊन बघायला सांगा. ध्रुवीय प्रकाश त्यांनी फळ्यावर कितीदा तरी काढला असेल.